रोजची भाकर मागणारा शेतकरी



आज ज्याची आठवण काढायची आहे तो शेतकरी आपल्या मुलखातला नाही. तो गहू पिकवायचा. धर्मानं ख्रिस्ती, पंथानं लुथरन आणि देवभोळा म्हणावा इतका भाविक. जन्मला प्रशियात, म्हणजे त्या वेळच्या जर्मन मुलखात, आणि मातीला मिळाला दक्षिण ऑस्ट्रेलियात. त्याचं नाव मी सांगत नाही. एकाचं नाव घेतलं तर त्याच्यासारख्या पन्नास घरांवर अन्याय होईल. आपण त्याला नुसतं ‘तो’ म्हणू. त्याच्याबद्दल जे सांगणार आहे ते त्या गावांच्या इतिहासात नोंदलेलं आहे, माझ्या मनचं त्यात काही नाही.

लुथरन म्हणजे काय, हे आधी थोडक्यात सांगतो. मार्टिन लुथर हा सोळाव्या शतकातला जर्मन धर्मसुधारक. त्यानं १५२९ साली घरातल्या कर्त्या माणसासाठी एक छोटी पुस्तिका लिहिली. बापानं पोराबाळांना धर्म कसा शिकवावा, सकाळी उठल्यावर आणि रात्री निजताना काय म्हणावं, जेवणाआधी आणि जेवणानंतर काय म्हणावं, हे सगळं तिच्यात आहे. ख्रिस्ती लोकांच्या मुख्य प्रार्थनेत देवाकडे रोजची भाकर मागतात. ही भाकर म्हणजे काय ते लुथर समजावून सांगतो, आणि ते आपल्यासारख्यांनी ऐकण्याजोगं आहे. त्याच्या मते त्या भाकरीत ताटातल्या अन्नाबरोबर घर येतं, शेत येतं, गुरंढोरं येतात, पैसा येतो, चांगली हवा येते, चांगलं सरकार येतं आणि विश्वासू शेजारीसुद्धा येतात.

आपल्या या शेतकऱ्याला ही पुस्तिका लहानपणापासून तोंडपाठ होती. आणि पुढच्या आयुष्यात त्या यादीतली एकेक गोष्ट त्याच्या हातून निसटून पाहत होती.

पहिली पाळी सरकारची. प्रशियाचा राजा तिसरा फ्रेडरिक विल्हेल्म यानं १८१७ साली ठरवलं की आपल्या राज्यातले लुथरन आणि रिफॉर्म्ड हे दोन्ही पंथ एक करायचे. राजाचा हेतू वाईट नव्हता असं म्हणतात. त्यानं स्वतः खपून उपासनेची नवी पोथी तयार केली आणि १८३० नंतर ती सक्तीची केली. आता पोथी बदलली म्हणून एवढं काय बिघडलं, असं आपल्याला वाटेल. पण प्रभुभोजनाच्या वेळी भाकर आणि द्राक्षरस घेताना त्यात ख्रिस्त खरोखर हजर असतो, ही लुथरन माणसाची ठाम श्रद्धा. नव्या पोथीतले शब्द असे बेतलेले होते की ज्यानं त्यानं हवा तो अर्थ घ्यावा. या लोकांना ते पटेना. देवापुढे उभं राहून दुटप्पी बोलायचं कसं?

त्यांनी जुनी पोथी सोडली नाही. मग पाद्र्यांना तुरुंग, शेतकऱ्यांना दंड आणि दंड भरला नाही तर गुरं-भांडी जप्त. सायलेशिया प्रांतातल्या ह्योनिगर्न गावात तर १८३४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी सरकारी फौज आली, देऊळ राखत बसलेल्या गावकऱ्यांना हाणलं आणि दार फोडलं. राजाही लुथरन लोकांवर राज्य करणारा ख्रिस्तीच. स्वधर्मीयाचाच मार हा असा असतो.

आपला शेतकरी क्लेमझिग नावाच्या खेड्यातला. जमीन रेताड. राई नावाचं हलकं धान्य आणि बटाटा, ही तिथली मुख्य पिकं. गावचा पाद्री ऑगस्ट कावेल. कावेलनं ओळखलं की इथं निभाव लागणार नाही. तो १८३६ साली हाम्बुर्गला आणि तिथून लंडनला गेला. तिथं त्याला जॉर्ज फाइफ अँगस भेटला. हा अँगस बडा व्यापारी, दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या नव्या वसाहतीची कंपनी चालवणारा. तो स्वतः बॅप्टिस्ट पंथाचा, पण धर्मापायी छळ सोसणाऱ्यांबद्दल त्याला कळवळा होता. आणि त्याला नव्या जमिनीवर कष्टाळू शेतकरीही हवे होते. दोन्ही गोष्टी खऱ्या. प्रवासखर्चासाठी त्यानं आठ हजार पौंड उभे केले, अर्थात व्याजानं.

इकडे क्लेमझिगात लोकांनी घरं-शेतं विकली आणि निघायची तयारी केली. पण सरकार परवानगी देईना. जाऊ देत नाही आणि राहू देत नाही, अशा अवस्थेत दोन वर्षं गेली. विकलेल्या शेताच्या बांधावरून रोज जाताना त्या माणसाला काय वाटत असेल, ते ज्यांनी जमीन विकली आहे त्यांनाच कळेल.

अखेर १८३८ च्या जूनमध्ये ही मंडळी नावांतून निघाली. नदी, कालवा, पुन्हा नदी असं करत हाम्बुर्गला पोहोचली. ‘प्रिन्स जॉर्ज’ नावाचं जहाज जुलैत सुटलं आणि नोव्हेंबरात अ‍ॅडलेडच्या बंदराला लागलं. पाठोपाठ ‘झेब्रा’ जहाज डिसेंबरअखेरीस आलं. चार-साडेचार महिने समुद्रावर. लेकरं, म्हातारी माणसं आणि खाली काळोख्या तळघरात दाटीवाटीचे बिछाने. वाटेत काही जण दगावले, त्यांना पाण्यातच सोडावं लागलं. सकाळ-संध्याकाळची प्रार्थना मात्र चुकली नाही.

‘झेब्रा’चा कप्तान डिर्क हान. हा उत्तर समुद्रातल्या एका बेटावरचा खलाशी, या लोकांशी त्याचा काही एक संबंध नाही. भाडं मिळालं, माल उतरवला की त्याचं काम संपलं. पण या माणसांची वागणूक पाहून तो चकित झाला होता. त्यांना बंदरावर वाऱ्यावर सोडून जायला त्याचं मन घेईना. तो स्वतः जमीनदारांकडे गेला, अ‍ॅडलेडच्या पलीकडच्या डोंगरात जमीन पाहिली आणि सौदा ठरवला. शंभर एकर जमीन, पहिल्या वर्षी खंड नाही, बियाणं आणि गाई उधारीवर. पन्नासएक कुटुंबं तिथं वसली. गावाला त्यांनी कप्तानाचं नाव दिलं, हानडॉर्फ, म्हणजे हानचं गाव. हान जहाज घेऊन निघून गेला. नाव राहिलं. मला या साऱ्या कथेत हा कप्तान फार आवडतो.

कावेलची मंडळी अ‍ॅडलेडजवळ टॉरन्स नदीकाठी अँगसच्या जमिनीवर राहिली. त्या वस्तीला त्यांनी क्लेमझिग हेच नाव ठेवलं. बायको-पोरांना घेऊन, देश सोडून, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला आलेला माणूस पहिलं काम करतो ते गावाचं नाव पुन्हा ठेवण्याचं.

इथं एक गोष्ट सांगायलाच हवी. ही जमीन रिकामी नव्हती. क्लेमझिगच्या नदीकाठी कौर्ना लोक आणि हानडॉर्फच्या डोंगरात पेरामांक लोक पिढ्यान्‌पिढ्या राहत होते. इंग्रज सरकारनं ती आपली मानून विकली आणि आपल्या शेतकऱ्यानं सरकारी कागद पाहून घेतली. कागद खरा होता, पण ज्यांची जमीन त्यांना कोणी विचारलं नव्हतं. त्याच साली, १८३८ मध्ये, टाइशेलमान आणि शूरमान नावाचे दोन तरुण लुथरन मिशनरी तिथं आले होते. त्यांनी कौर्ना भाषा शिकून तिचं व्याकरण आणि शब्दसंग्रह छापला. पुढे ती भाषा बोलणारं माणूस उरलं नाही. अलीकडच्या काळात कौर्ना वंशजांनी ती भाषा पुन्हा उभी केली ती मुख्यतः याच कागदांच्या आधारानं. म्हणजे जमीन गेली, पण शब्द कोणीतरी लिहून ठेवले होते. भरपाई म्हणून ते पुरेसं नाही, पण नोंद करावी असं आहे.

आता शेतीकडे वळू. त्या मुलखात पाऊस उलट्या ऋतूत पडतो. मे ते ऑक्टोबर हा तिथला हिवाळा आणि तोच पावसाळा. पहिल्या पावसावर गहू पेरायचा आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या कडक उन्हात कापायचा. जर्मनीत बर्फात नाताळ करणारा हा माणूस आता नाताळला खळ्यावर असे. थंडीतला पाऊस असल्यामुळे पाणी लवकर उडून जात नाही, म्हणून आपल्या माण-आटपाडीच्या माणसाला अशक्य वाटेल एवढ्या थोड्या पावसावर तिथं गहू येतो.

सुरुवातीला नांगर-बैल कुठले? कुदळीनं माती खणली, हातानं बी फेकलं. कापणी विळ्यानं आणि मळणी काठीनं झोडून. जमिनीचे पट्टे लांब आणि अरुंद, ओढ्यापासून रस्त्यापर्यंत. घरं रस्त्याला ओळीनं, म्हणजे पाणी प्रत्येकाला आणि रस्ताही प्रत्येकाला. ही जर्मन खेड्याची जुनी रीत, तिथं जशीच्या तशी नेली. सलग एकाच जागी शेत घेऊन एकटं राहणाऱ्या इंग्रज शेतकऱ्यांना त्याचं नवल वाटे. पण या लोकांना शेजार हवा होता, शाळा हवी होती आणि घंटा ऐकू येईल इतक्या अंतरावर देऊळ हवं होतं.

कर्ज मात्र उरावर होतं. गहू वर्षातून एकदा पैसा देतो, व्याज रोज वाढतं. हे कर्ज कोणी फेडलं म्हणाल, तर मोठा वाटा बायकांनी. हानडॉर्फच्या बायका आणि पोरी लोणी, अंडी, भाजी टोपल्यांत भरून मध्यरात्री घरून निघत. डोंगर उतरून वीसेक मैलांवर अ‍ॅडलेड. सकाळच्या बाजाराला पोहोचायचं, विकायचं आणि पुन्हा चालत चढण चढून घरी. चप्पल-बूट झिजू नयेत म्हणून वाटभर अनवाणी. डोंगराच्या पायथ्याशी ओढ्यावर पाय धुवायचे, बूट चढवायचे आणि मग शहरात शिरायचं. परतताना सुई-दोरा, नवऱ्याची तंबाखू आणि देवळाच्या बांधकामासाठी प्रत्येकीच्या टोपलीत दोन विटा, असं तिथं सांगतात. विटांची गोष्ट कोणाला दंतकथा वाटेल. पण डोक्यावर पाटी घेऊन आठवडे बाजार गाठणाऱ्या आपल्या मायबहिणींना ती खोटी वाटणार नाही. मेंढ्यांची लोकर कातरायलाही या बायका जात.

आणि रविवार? रविवारी विळ्याला हात लावायचा नाही. पाद्री सगळ्या वस्त्यांना पुरत नसे. मग गावातला कोणी वाचता येणारा शेतकरी उभा राहून छापील प्रवचन वाचून दाखवी. घरी फळीवर बायबल, गीतांचं पुस्तक आणि एक प्रार्थनेची पोथी. त्या पोथीत वादळ-विजांच्या वेळी म्हणायची प्रार्थनासुद्धा निराळी दिलेली असे. आपल्याकडे दिवेलागणीला हरिपाठ होतो, तसाच हा घरचा नेम. फरक एवढाच की तिथं वाचायला येणं हे धर्माचंच काम मानलेलं. म्हणून गाव वसलं की देवळाबरोबर शाळा उभी राही, आणि मुलीही शाळेत जात.

हळूहळू बस्तान बसलं. १८४२ साली बारोसाच्या खोऱ्यात बेथनी गाव वसलं, मग लांगमाइल आणि पुढे इतर. गहू, द्राक्षं, फळझाडं. १८४३ मध्ये जॉन रिडले नावाच्या गिरणीवाल्यानं गव्हाची कणसं तेवढी ओरबाडून घेणारं यंत्र शेतात चालवून दाखवलं. पुढे लाकडी-लोखंडी फणी, तिच्या दातांत देठ अडकायचे, वर फिरणारी फळी कणसाला झोडपायची आणि दाणे मागच्या पेटीत पडायचे. काड शेतात उभंच राहायचं. त्या मुलखात कापणीच्या वेळी हवा कोरडी ठणठणीत, म्हणून हे जमलं. ओल्या हवेच्या इंग्लंडात ते जमलं नसतं. मजूर मिळत नव्हते तिथं गव्हाचं क्षेत्र या यंत्रानं वाढवलं.

कर्ज फिटलं. अँगसला मुद्दल आणि व्याज मिळालं.

आता मला खटकणारी गोष्ट. १८४६ च्या ऑगस्टमध्ये बेथनीच्या देवळात सगळ्या गावांची सभा भरली. कावेल एका बाजूला आणि मागाहून आलेला पाद्री फ्रित्शे दुसऱ्या बाजूला. वाद कशावरून? ख्रिस्त पृथ्वीवर येऊन हजार वर्षं राज्य करील हे अक्षरशः खरं मानायचं की नाही, यावरून मुख्यतः. कावेल आणि त्याची माणसं सभेतून उठून गेली. एकाच जहाजातून आलेली, एकाच दुःखातून गेलेली माणसं दोन मंडळ्यांत फाटली. मग एकाच गावात दोन देवळं, दोन शाळा. एका देवळाचा माणूस दुसऱ्या देवळात प्रभुभोजन घ्यायचा नाही. ही फूट किती काळ टिकली? ऑस्ट्रेलियातल्या सगळ्या लुथरन मंडळ्या एक झाल्या त्या १९६६ साली. एकशे वीस वर्षं!

राजापुढे न वाकणारा ताठ कणा हा शेजाऱ्यापुढेही वाकत नाही, असं त्यांच्या बाजूनं म्हणता येईल. मी म्हणणार नाही. लुथरच्या यादीत विश्वासू शेजारी होता. राजाच्या छळात या लोकांनी तो गमावला नाही, पण स्वतःच्या सभेत गमावला. आपल्याकडे एका भावकीत दोन सप्ताह आणि दोन मंडप ज्यांनी पाहिले आहेत त्यांना जास्त सांगायला नको.

मग पाळी आली हवेची. १८६४-६५ साली उत्तरेकडे मोठा दुष्काळ पडला. सरकारनं आपल्या मुख्य भूमापकाला, जॉर्ज गॉइडरला पाठवलं की पाऊस कुठपर्यंत भरवशाचा आहे ते पाहून ये. गॉइडर घोड्यावर बसून दोन-तीन हजार मैलांची रपेट करून आला. पर्जन्यमापकांच्या नोंदी फारशा नव्हत्याच. तो झुडपं पाहत गेला. जिथं खारट पानांची खुरटी झुडपं सुरू होतात तिथं पावसाचा भरवसा संपतो, हे त्यानं ओळखलं आणि नकाशावर रेघ ओढली. रेघेच्या दक्षिणेला गहू करा, उत्तरेला मेंढरं चारा. आज मोजमाप घेतलं तर ती रेघ वर्षाला सुमारे दहा ते बारा इंच पावसाच्या रेघेशी बरीचशी जुळते. झुडपं वाचणारा असा सरकारी माणूस कुठल्याही मुलखाला लाभावा.

पण पुढे काय झालं? १८७० नंतर काही वर्षं पाऊस चांगला झाला. रेघेपलीकडेही गहू डुलायला लागला. लोक गॉइडरला हसू लागले. नांगर पुढे जाईल तसा पाऊस मागोमाग येतो, असं छातीठोकपणे म्हणायचे. १८७४ साली सरकारनं रेघेचं बंधन उठवलं. फारिना नावाचं गाव उत्तरेच्या वाळवंटाच्या तोंडाशी वसवलं. फारिना म्हणजे पीठ. तिथं पीठ कधी झालंच नाही. १८८० पासून पुन्हा कोरडी वर्षं लागली आणि कुटुंबंच्या कुटुंबं घरं टाकून परत दक्षिणेला आली. त्या दगडी घरांच्या छप्पर नसलेल्या भिंती अजून उभ्या आहेत.

उत्तरेला सरकलेल्यांत इंग्रज, आयरिश होते तशी जर्मन घरंही होती. मरे नदीच्या अलीकडच्या कोरड्या सपाटीवर, त्या रेघेच्या काठाकाठानं, सेडनसारखी लुथरन वस्तीची गावं उभी राहिली. तिथं मॅली नावाचं झुडूप. वर तोडलं तरी खाली गाठाळ मूळ, नांगर मोडायचा. १८७६ साली स्मिथ बंधूंनी असा नांगर केला की त्याचा फाळ बिजागरीवर बसवलेला. मूळ आडवं आलं की फाळ वर उचलायचा आणि पलीकडे पुन्हा जमिनीत शिरायचा. या नांगरानं गरीब शेतकऱ्याच्या हाती मॅलीचं रान आलं. पाऊस देणं मात्र त्या नांगराच्या हाती नव्हतं.

देवावर भार टाकून पेरणाऱ्याचं इथं खरं अवघड होतं. चांगली हवा ही देवाची देणगी, हे त्याच्या पुस्तिकेत लिहिलेलं. मग गॉइडरची रेघ ऐकायची की प्रार्थना करून पलीकडे पेरायचं? माझ्या मते झुडपंही देवानंच उगवली होती आणि ती काय सांगतात ते गॉइडरनं वाचलं, एवढंच. पण पोरं चार, जमीन एक आणि रेघेपलीकडे सरकार हप्त्यानं जमीन देतं आहे, अशा बापाला हे त्या वेळी कसं पटवायचं? आपण तरी कोणाला पटवू शकतो?

दक्षिणेतही सगळं आलबेल नव्हतं. वर्षानुवर्षं गव्हावर गहू घेऊन जमीन थकली. १८६७-६८ च्या हंगामात तांबेऱ्यानं पिकं लालबुंद झाली, हाती भुसकट आलं. त्यानंतर बारोसाजवळच्या एबेनेझर गावातून छप्पन्न माणसं छत घातलेल्या चौदा गाड्यांत बसून पूर्वेला निघाली. सहाएक आठवडे चालून ती न्यू साउथ वेल्समध्ये वाला वाला नावाच्या ठिकाणी पोहोचली. आपल्या माणसाचं हे दुसरं स्थलांतर. पहिलं पोथीसाठी केलं होतं, हे जमिनीसाठी. गाडीत बायबल तेच होतं.

इथं आपल्या देशाचा एक धागा जुळतो, तो सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. त्याच न्यू साउथ वेल्समध्ये विल्यम फेरर नावाचा एक माणूस स्वतःच्या शेतावर गव्हाचे संकर करत होता. तो लुथरन नव्हता, इंग्रज होता. त्याला लवकर येणारा, कोरड्या हवेत टिकणारा गहू हवा होता. लवकर पिकण्याचा गुण त्याला सापडला भारतीय गव्हात. इटावा नावाचा भारतीय गहू त्यानं एका कॅनडाच्या गव्हाशी जुळवला, त्यातून आलेला वाण पुन्हा एका ऑस्ट्रेलियन गव्हाशी जुळवला आणि १९०१ साली ‘फेडरेशन’ नावाचा वाण शेतकऱ्यांच्या हाती दिला. आखूड ताटाचा, यंत्राला सोपा. पुढे बरीच वर्षं ऑस्ट्रेलियात सर्वांत जास्त पेरला गेला तो हाच. गंगा-यमुनेच्या दुआबातल्या कुठल्या अनाम शेतकऱ्यानं पिढ्यान्‌पिढ्या निवडून ठेवलेलं बी असं त्या माळावर जाऊन पोचलं.

आपला शेतकरी तोवर मातीआड झाला होता. त्याच्या थडग्यावर जर्मन अक्षरं कोरलेली, नाव, गाव आणि बायबलातल्या वचनाचा आकडा. पण त्याची कथा तिथं संपत नाही, कारण सरकार नावाची गोष्ट पुन्हा एकदा दारात आली.

१९१४ साली महायुद्ध पेटलं. जर्मनी शत्रू झाला. मग जर्मन बोलणारा तो शत्रू, असा हिशेब. नातवंडं ऑस्ट्रेलियातच जन्मलेली, कित्येक घरची पोरं ऑस्ट्रेलियाच्या फौजेत भरती होऊन लढायला गेलेली. तरी संशय फिटेना. अ‍ॅडलेडजवळच्या टॉरन्स बेटावर तारेच्या कुंपणात माणसं डांबली. १९१७ साली दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या एकोणपन्नास लुथरन शाळा सरकारनं बंद केल्या. आणि त्याच साली कायदा करून एकोणसत्तर जर्मन गावांची नावं बदलायची ठरली. हानडॉर्फचं अँब्लसाइड झालं. क्लेमझिगचं गाझा झालं, कारण इंग्रजांच्या फौजा तेव्हा पॅलेस्टाइनमधल्या गाझाला लढत होत्या.

ज्या आजोबांनी राजाच्या हुकमापुढे पोथी सोडली नाही, त्यांच्या नातवाला आता सरकार म्हणत होतं की भाषा सोड. नातवानं काय केलं? बहुतेकांनी आवाज केला नाही. गहू पेरला. देवळात जर्मन हळूहळू कमी होत गेलं आणि इंग्रजी आलं. घरात, ओट्यावर, गुरांना हाक मारताना जुनी बोली राहिली. बारोसाच्या खोऱ्यात म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी ती पुढेही बरीच वर्षं होती. आजोबांच्या मानानं नातू कमी पडला असं कोणी म्हणेल. मी म्हणणार नाही. आजोबांना जायला ऑस्ट्रेलिया होता. नातवाला जायला कुठलाच मुलूख उरला नव्हता, आणि त्याचं उभं पीक शेतात होतं.

१९३५ साली तीन गावांना जुनी नावं परत मिळाली. हानडॉर्फ, लोबेथाल आणि क्लेमझिग. बाकीच्यांपैकी काहींना खूप उशिरा, काहींना कधीच नाही.

ऑस्ट्रेलियातलं क्लेमझिग आता अ‍ॅडलेड शहराचं एक उपनगर आहे, तिथं गहू नाही. आणि मूळचं क्लेमझिग? दुसरं महायुद्ध संपल्यावर सरहद्दी सरकल्या, तो मुलूख पोलंडकडे गेला आणि १९४५ नंतर तिथल्या जर्मन लोकांना घरं सोडून निघावं लागलं. १८३८ साली जे नावांत बसले नाहीत, गावातच राहिले, त्यांच्या वंशजांनाही शेवटी ते गाव सोडावं लागलं. गावाचं आजचं पोलिश नाव क्लेंप्स्क. कावेल ज्यात प्रवचन करायचा ते लाकडी चौकटीचं देऊळ तिथं अजून उभं आहे, आतल्या भिंती-छतावरची लुथरन काळातली चित्रं शाबूत आहेत. आता तिथं पोलिश कॅथलिक शेतकरी रविवारी जमतात आणि रोजची भाकर मागतात.